वसंताचा शर्ट घरातच वाळू दे

मंगळवार, दिवेलागण

सूनबाई, मी सांगते ते वहीत उतरवताना आधी वार लिही, हे आजही मीच सांगायचं ना? कालही सांगितलेलं अशीच विसरलीस आणि रक्ताच्या डागावर कढत पाणी ओतलंस. बसला शिजून कापडात. मग मी मिठाच्या थंड पाण्यात भिजवला, रिठ्याने चोळला. खिशापाशी तपकिरी राहिलंच.

मोर्चात गोळी लागलेल्या शंकरला तुझ्या वसंताने छातीशी धरून आणलं. वाचलं नाही पोर. आता शर्ट गॅलरीत वाळत कसा घालू? समोरच शंकरच्या आईचं दार. तिला तो खिसा दिसला तर? घरातच दोरी बांध.

वसंता त्या दारासमोरून जायचंच टाळतो. तिची चूल बंद आहे. उद्या पिठलं-भात पाठव, तिखट कमी घाल. आणि पातेलं वसंताच्याच हाती दे.