काकांचं पूर्ण नाव

यॉर्क, इंग्लंड

प्रिय आई, तुह्या पाया पडतो.

मी बरा आहो, वेळेवर जेवतो. तुहे गुडघे कसे आहेत? फोनवर बाबा जवळच असतात, म्हणून हे लिहून राहिलो.

हजार वर्षांपूर्वी इथले लोक वापरत तसे चामड्याचे पट्टे अन् पितळी बक्कलं आमी दुकानात हातानं बनवतो. परवा मालकीणबाईनं माझी शिलाई पाहून विचारलं, "कोणी शिकवलं?" मी म्हणलं, "मोबाइलवर पाहून शिकलो."

खोटं बोललो, आई. दर्यापूरच्या बसस्टँडवरच्या मोचीकाकांनी शिकवलं. शाळा सुटली की त्यायच्याजवळ बसत होतो अन् हात धुऊन घरी येत होतो. इथं कोणी जात विचारत नाही, तरी मले त्यायचं नाव घ्यायची लाज वाटली.

काल बाईले खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं नाव सांग, पट्ट्यासोबतच्या कागदावर छापू." मले नावच माहीत नव्हतं. चार वर्षं शिकलो, पण कधी विचारलं नाही.

काकांजवळ शिकलो हे बाबांले मीच सांगीन, अजून हिंमत होऊन नाही राहिली. तू तेवढं काकांले पूर्ण नाव विचारजो. उभ्या उभ्या नको, जवळ बसून विचारजो.

तुहा,
देवानंद