बांधापुढचे तिवर

१४ जानेवारी १९९७, पेण
संक्रांत. पेणच्या कचेरीत तिळगूळ झाला आणि त्याच गडबडीत उपग्रहाची चित्रं आली. शहरातून वैद्य मॅडम स्वतः घेऊन आल्या. तिशीच्या आतल्या. खाडीकाठचे नवे नकाशे करायचेत. चित्र वाचणार त्या, कागदावर उतरवणार मी. आरेखक म्हणून इतकी वर्षं काढली, पण वरून काढलेली जमीन आज पहिल्यांदा पाहिली.
चित्रात झाडं हिरवी नाहीत, लाल. जितकी दाट, तितकी लालभडक. संध्याकाळी रामरक्षा म्हणताना मिटल्या डोळ्यांपुढे तोच रंग.

२१ जानेवारी
आमचं गाव सापडलं. कुंडलिका खाडीच्या वळणावरून ओळखलं. खाडीचं पाणी अडवणारा बांध स्वतः दिसण्याइतका रुंद नाही, पण खाडीच्या बाजूला खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराचं लाल रान, आत शेतं राखाडी, आणि मधोमध ती रेघ. आजा-पणजांनी डोक्यावरून चिखल वाहून घातलेली. एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. पण आकाशातून दिसते.
मॅडमना म्हटलं, हे आमचं गाव. म्हणाल्या, "मग इथं तुम्हीच बोट ठेवायचं, काका." कचेरीत मला काका कोणी म्हणत नाही. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

३० जानेवारी
जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवून पाहिली. जुन्यात बांधापुढचा लाल पट्टा सलग. नव्यात उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, दक्षिणेला उंदरानं कुरतडल्यासारखा, जागोजाग फिकट निळा. मी म्हटलं, भरतीचं पाणी चढलं असेल. मॅडमनी चित्राची वेळ काढून पाहिली. ओहोटी होती. म्हणजे नुसता चिखल. झाडंच नाहीत.
बांध फुटून खांड पडते ती नेमकी तिथंच. दर एक-दोन वर्षांनी. योगायोग असेल?

९ फेब्रुवारी, रविवार
मॅडमना गावी नेलं. चित्रात दिसलं ते जमिनीवर पाहायचं होतं. बांधावर वहिनी भेटली, चुलतभावाची बायको. "काय गो बाय, एवढी शिकलीस आन् चिखल तुडवाय आलीस?" मॅडम हसल्या आणि पुढच्याच पावलाला रुतल्या. पाय वर आला, बूट नाही. वहिनीनं कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढला. "ही घे तुजी कोलबी. मोठी गावली."
कुरतडलेल्या जागी नुसते बुंधे. कोयत्याचे घाव. मॅडमनी विचारलं, कोणी तोडली? वहिनी म्हणाली, "कोनी म्हंजे? आमीच. खांड कशानं बुजवायची मंग?"
खरंच आहे. खांड पडली की सगळा जोळ, म्हणजे बांध राखणारी घरं, कोयते घेऊन समोरच्या तिवरात शिरतो. ओल्या फांद्या आडव्या घालायच्या, वर चिखल चोपायचा. जवळ मिळतात, चिखल धरून ठेवतात. बापजाद्यांपासून हेच. मीही खांद्यावरून वाहिल्यात. मग पुढच्या उधाणाला लाट अडवायला समोर झाड नसतं, ती थेट बांधावर येते. परत खांड, परत कोयता. बांध वाचवायला बांधाची ढालच तोडत आलो. बांधावर उभं राहून हे कधी कुणाला

(इथवर लिहिलं आणि जेवायला बोलावलं. पुढे काय लिहायचं होतं ते आता राहू दे.)

३ मार्च
नकाशा पुरा झाला. गावाचं नाव लिहिताना टाक जरा थांबला. अक्षराचं वळण गावच्या शाळेतलं, पाटीवर गिरवलेलं. ते आता या नकाशावर. मॅडम म्हणाल्या, असं अक्षर आमच्याकडे कोणाचं नाही.
सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "कागदाला सांगून झालं. आता आबांना सांगा." आबा म्हणजे माझे थोरले चुलते. तेच अवघड आहे.

२२ एप्रिल
हनुमान जयंती. जन्माचा प्रसाद वाटून झाल्यावर देवळाच्या ओट्यावर जोळ बसला. सगळ्यांचे पुढारी अजून आबाच. नकाशा पसरला, चित्रं ठेवली. म्हटलं, यंदा दुरुस्तीला तिवर तोडू नये. डोंगराकडून दगड-मुरूम आणावा.
आबा : "फोटूवर भात पिकवतोस काय रं?"
सगळे हसले. पांडू, वहिनीचा नवरा, म्हणाला, "हाकेच्या अंतरावर लाकूड सोडून डोंगराला गाड्या? पेणचं पानी लागलंय याला."
मी चित्र आबांपुढे सरकवलं. त्यांचं बोट त्यावर फिरायला लागलं. "ही उघाडी... ही आपली खारीची शेतं... हा बांध?" व्हय म्हटलं. "माज्या बापानं घातलेला, वरनं दिसतोय?" पुढे बोट आपोआप दक्षिणेला गेलं आणि त्या फिकट जागेवर थांबलं. मला काही सांगावं लागलं नाही.
शेवटी म्हणाले, "यंदा तुज्या शब्दावर. पन आयक. फुटला तर शिवार खारं होईल, तीन-चार वर्सं दाना नाय. मंग गावात तोंड दाखवू नको."
शब्द देऊन आलो. चित्र खरं आहे. पण दगड-मुरूम चिखलात बसेल का, हे चित्र सांगत नाही.

१८ मे
उघाडीजवळच्या म्हसोबाला नारळ देऊन काम सुरू. घरटी माणूस आलं. मी रजा टाकून गेलो. पांडू दर गाडीमागे मला शिव्या घालतोय आणि सगळ्यांत जास्त दगड तोच उचलतोय. एकही कोयता निघाला नाही. गावाचा एवढा अभिमान मला पूर्वी वाटल्याचं आठवत नाही.

१२ जून
मॅडमचा फोन. बांधापुढचा पट्टा राखायचा, असं आमच्या नकाशावरून आता साऱ्या खाडीकाठाच्या आराखड्यात लिहिलं जाणार. कचेरीत पेढे आणले. नवं चित्र मात्र पावसाळ्यानंतरच, ढगांतून उपग्रहाला दिसत नाही.
बांध टिकतो का, ते मला त्याच्या आधीच कळेल.

२० जुलै, गुरुपौर्णिमा, रविवार. गावी.
पाचच्या सुमाराला लिहितोय, आबांच्या ओटीवर.
दुपारी उधाण, त्यात पश्चिमेचा वारा. पाणी बांधाच्या ओठाला आलं. जिथं तिवर उभे होते तिथं लाट त्यांच्यातच मोडत होती, बांधापर्यंत नुसता फेस. दक्षिणेच्या उघड्या अंगाला मात्र धडका. नव्या भरावातून एका जागी पाणी झिरपलं, मग धार लागली. पांडू ओरडला, "बस झाला फोटू!" आणि कोयता घेऊन तिवराकडे धावला. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?
आबांनी अडवलं. "पांड्या, कोयता ठेव. पेंढा आन."
"कुठला पेंढा? गुरांचा?"
"माज्या उडवीचा."
आबांची उडवी म्हणजे त्यांच्या गुरांची पावसाळ्याची वैरण. वहिनीनं पहिला भारा स्वतः डोक्यावर आणला. मग बाकीच्या बायका आपापल्या घराकडे धावल्या, न सांगता. पेंढा, चिखल, पेंढा, चिखल. धार थांबली. झिरपणं थांबलेलं नाही.
आता पाणी उतरलंय. मध्यरात्री परत भरती. बाप्ये पाळीनं बसणार, माझी पाळी पहिली. कचेरीत उद्या येत नाही असा निरोप धाडला.
मघाशी आबा म्हणाले, "तो तुजा उपग्रह आता वरनं बघत असंल काय रं?" म्हटलं, आबा, एवढ्या ढगांत त्याला काही दिसत नाही. त्यांनी टोपी झटकली, परत घातली.
"नाय दिसलं तर नाय. चल, फावडा घे."