डॉक्टरीणबाईंचं पुस्तक वाचून झालं

सूनबाई,

तू आणलेली पुस्तकं वाचली. गिर्यारोहकाचं अर्ध्यात सोडलं. हा जणू एकटाच शिखरावर चढला, ओझी वाहणाऱ्यांचं नावसुद्धा नाही. मधमाश्यांचं फार आवडलं, ते इतक्यात परत करू नकोस.

डॉक्टरीणबाईंचं मात्र दोनदा वाचलं. आपण देव मानत नाही, हे बाई सुरुवातीलाच सांगून टाकतात. मी जरा खट्टू झाले. पण शेवटच्या दिवसांतल्या माणसाजवळ त्या ज्या धीराने बसतात, ते वाचून म्हटलं, राहू दे, नसतील मानत. त्या म्हणतात, काय हवंय ते पेशंटलाच विचारावं, आणि त्याला बोलता येत नसेल तर घरच्यांनी त्याच्या वतीने बोलावं.

तुझ्या सासऱ्यांना आता बोलता येत नाही, पण त्यांनी मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, नळ्या नकोत, मला घरी न्या. तरी तुझा नवरा परवा दवाखान्यात त्यांच्या आणखी एका ऑपरेशनला हो म्हणाला, तेव्हा मी पदराशी चाळा करत गप्प बसले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांची फेरी सकाळी असते, आणि माझं रोज दुपारपर्यंत मौनव्रत. आज ते मोडणार आहे. देवाला सांगून निघाले.

त्यांना घरी आणायचंय, खिडकीजवळचा पलंग मोकळा करून धुतलेली चादर घाल. तुझा नवरा चिडेल. पुस्तकात खूण घालून ते त्याच्या उशाशी ठेवलंय. म्हणावं, आधी तेवढं वाच, मग आईवर काय रागवायचं ते रागव.

— आई