उपग्रहाचं स्वच्छ चित्र

सोमवार, संध्याकाळ

हात मुरगळला, म्हणून आज अँटेना बायकोला, मालतीला धरायला दिला. गच्चीवर मी वेळांचा तक्ता मोठ्यानं वाचत होतो: हवामानाचा उपग्रह दक्षिणेला, पैठणच्या बाजूनं वर येईल, मग पूर्वेला, साठ अंश उंचीवर.

"ओरडू नका हो, मला ऐकू द्या," ती म्हणाली. रेडिओवर उपग्रहाच्या आवाजात खरखर वाढली की ती नुसतं मनगट फिरवायची, आवाज लगेच साफ. चार वर्षं मी मनगट ताठ धरतोय. का?

त्या आवाजातून संगणकावर उमटलेल्या चित्रात कोकणापासून श्रीलंकेपर्यंत अख्खा किनारा, खरखरीची एकही रेघ नाही. हौशी मंडळींच्या गटावर टाकलं. "सर, कमाल!" मी धन्यवाद लिहिलं.

"काय म्हणाले तुमचे लोक?"

"बरंय म्हणाले."

"नुसतं बरंय?" पडला तिचा चेहरा.

आत्ता गटावर लिहिलं, अँटेना मालतीनं धरला होता. पुढचं वाक्य दोनदा खोडलं, मग तसंच पाठवलं: मला हे जमलं नव्हतं.