बांधावरची झाडं

अण्णा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण आईला सांगू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

इथं वाळवंटात रस्त्यावर उडून आलेली वाळू मशीननं बाजूला सारायची, हेच माझं काम. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर! आमचा म्हातारा स्वयंपाकी म्हणतो, इथंच त्याच्या वडिलांचं शेत होतं. चार ओळी जास्त पेरता याव्यात म्हणून त्यांनी बांधावरची झाडं तोडली. मग वारा दरवर्षी थोडी थोडी माती नेत राहिला आणि कुणाला कळलंच नाही.

आणि तुम्ही लिहिता, माझ्या लग्नाआधी नवी खोली हवी, म्हणून लाकडासाठी बांधावरची झाडं तोडतो! अण्णा, हात जोडतो, कुऱ्हाड ठेवून द्या. आम्ही दोघं पडवीत झोपू. तिला फोनवर विचारलं, हसून हो म्हणाली.

वाळू सारायचं काम मला घरी नको.

तुमचा,
थोरला