डेन्मार्कच्या स्थळाची चौकशी

डोळखांबजवळचा आपलाच पाडा,
मेचा तिसरा आठवडा

तीर्थस्वरूप रविंद्रमामांस,

रुचिताचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामीला सांगा, इकडे सगळे खुशाल आहेत. विहीर तेवढी आटली आहे, पण तिची तब्येत कुणी विचारत नाही. फोनच केला असता, पण रेंज फक्त टेकडीवर येते आणि तिथे बोललेलं माझ्याआधी घरी पोचतं.

मला डेन्मार्कच्या विद्यापीठात पाण्याच्या अभ्यासासाठी जागा आणि शिष्यवृत्ती मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दहा जूनपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. बाबा म्हणाले, पोरगी परगावी द्यायची तर आधी तिथलं पाणी बघतात, देशालाही तोच नियम. (आईला या पाड्यात देताना तुम्ही लोकांनी काय बघितलं होतं, हे कधीतरी विचारायचं आहे.) आपल्या धरणाचं पाणी रोज मुंबईला जातं, त्याच्यासाठी मात्र कधी बैठक बसली नाही.

माझ्यासाठी बुधवारी ओट्यावर बसली. परदेशातून येणाऱ्यांसाठी विद्यापीठाने एक पुस्तिका पाठवली आहे: तिथली हवा, पाणी, कचरा, सगळं. ती मी मराठीत सांगत होते. शहाण्या मुलीने चार ओळी गाळल्या असत्या. पण मी पडले पर्यावरणशास्त्राची पदवीधर, तीही घरातली पहिली. मी स्वल्पविरामसुद्धा गाळला नाही.

सुरुवात झकास झाली. नळाचं पाणी तसंच पितात, हे ऐकून बाबांनी मान डोलावली. हिराआत्या मात्र म्हणाली, "पाण्याला जायचा नाय, मंग बाया एकमेकींना भेटतान कुठं गो?" याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. पुढे कचरा आला. तिथे घरातला कचरा दहा प्रकारांत निवडून ठेवतात. (आपल्याकडे प्रकार दोनच, गुरांनी खाल्लेला आणि न खाल्लेला.) "येवढी शिकलीस ती उकिरडा निवडाया?" आत्याने विचारलं. शेजारचे कमळूकाका चार महिने भिवंडीकडे वीटभट्टीवर राहून आलेत, म्हणून पाड्याचे परदेशतज्ज्ञ तेच. त्यांचा एकच प्रश्न होता: "तिथं मुकादम कोन?" मी प्राध्यापकबाईंचं नाव सांगितलं. बाई मुकादम आहे म्हटल्यावर काका गंभीर झाले.

आणि मग मी ते पान उलटलं. तिथे माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत आणि शेतीच्या खतांमुळे काही ठिकाणी जमिनीतलं पाणी बिघडतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे छापलंय, मीही प्रामाणिकपणे वाचलं. बाबा उठून उभेच राहिले. गेल्या वर्षी रानडुकरांनी आमचं अर्धं भात लोळवलं, तेव्हापासून हा विषय घरात नाजूक आहे. "हितली डुकरं कमी पडली काय तुला?" मी म्हटलं, ती गोठ्यात असतात. बाबा म्हणाले, "गोठ्यात? आनि सुटली तर?" एवढ्यावर थांबायचं, तर मी विमानप्रवासाने हवा किती बिघडते तेही, कुणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं. कमळूकाका म्हणाले, "मंग चालत जा."

तेवढ्यात टँकर आला. हंडे घेऊन सगळे पळाले आणि डेन्मार्क ओट्यावर एकटाच राहिला. रांगेत उभ्याउभ्याच निर्णय झाला: पाणी बरं आहे, शेजार वाईट आहे, मामा म्हणेल तसं.

आपली भाची,
रुचिता

ता. क. : हा पुढचा रविवार सोडू नका. कंबरेला पट्टा बांधून या, पण या आणि हो म्हणा. पुस्तिका वाचायला मागितलीत तर मी देणार नाही.

आणखी एक : आल्याआल्या हो म्हणू नका. आधी दोनदा तरी नको म्हणा, डुकरांवरून बाबांच्या बाजूने बोला, चहा होऊ द्या. आई बैठकीत एक शब्द बोललेली नाही. फक्त रात्री भाकरी थापताना विचारलं, तिकडे नाचणी मिळते का. तुम्ही झटकन हो म्हणालात तर ती रडेल. आणि ती रडली, तर दहा जूनला मी काय कळवीन याचा माझा मलाच भरवसा नाही.