बाबांच्या पुडीचा आलेख

बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

तुमची गुडघ्यांची जडीबुटीची पुडी मलाही पाठवलीत ना? ती सहज प्रयोगशाळेत अवरक्त किरणांखाली तपासली. प्रत्येक पदार्थाचा आलेख वेगळा असतो. हा स्टेरॉइडच्या आलेखाशी रेघेला रेघ जुळला. पुन्हा तपासताना मी इतक्या धापा टाकत होते की माझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडही आलेखात उमटला.

फोनवर हसण्यावारी न्याल, म्हणून आलेखच पाठवतेय. तो घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. पुडी मनानं एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो. आईला घाबरवू नका. तीही घेते का हो?

फोटोत तुमचे गाल भरलेले दिसले, म्हणून मी सगळ्यांना दाखवत फिरले. बाबा, ती स्टेरॉइडची सूज होती.

तुमचीच,
चिमी